धार लावूनही चेनसॉ कापत नाही? मशीन उघडण्याआधी कानस तपासा

लक्षणं आधी. यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचा.

- धार लावल्यावर पहिली दोन-चार लाकडं बरी जातात, मग मशीन पुन्हा जड चालतं.
- खाली छिलके पडायच्या ऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडतो.
- बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आपणहून लाकडात उतरत नाही, अंगाचं वजन टाकावं लागतं.
- चेनला तेल पोचतंय, तरी कापातून धूर येतो आणि लाकडाच्या तोंडावर काळा डाग पडतो.
- कानस (धार लावायची फाइल) दाताला पकडत नाही, नुसती घसरते. ‘खर्र खर्र’च्या जागी बारीक किरकिर ऐकू येते.
- कानस नवी असून मधल्या भागाला चकाकी आली आहे.
- काप सरळ जायच्या ऐवजी एका बाजूला वळतो.

मे-जूनची वादळं रावेर-यावलच्या पट्ट्यातून गेली, बांधावरचे निंब-बाभळी आडव्या झाल्या, की आमच्या दुकानात एकच वाक्य सुरू होतं : “भाऊ, चेनले धारच टिकत नही.” बहुतेकांचा संशय इंजिनवर असतो. कुणी कार्बोरेटर साफ करून आलेला असतो, कुणी प्लग बदलून, कुणी सरळ नवी चेन विकत घेऊन. मी आधी मागतो ती कानस. बऱ्याच जणांनी ती आणलेलीच नसते, आणि ज्यांनी आणलेली असते त्यांचं निम्मं निदान तिच्याकडे बघूनच होतं. एका नव्या चेनच्या पैशात कितीतरी चांगल्या कानशी येतात. तरीही लोक चेन बदलतात आणि मेलेली कानस जपून ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खालच्या तपासण्या फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या शेवटी अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका, नाहीतर दोष कुठे होता ते कळणारच नाही.

त्याआधी एक गोष्ट. इंजिन बंद करा आणि प्लगची टोपी काढून ठेवा. हातात जाड हातमोजे हवेत. घासताना चेनचा ब्रेक लावलेला असू द्या, चेन पुढे सरकवायची तेवढ्यापुरता सोडा. बार शिकंज्यात धरता आला तर उत्तम. शेतात असाल तर ओंडक्यात खाच पाडून त्यात बार ठोकून बसवा. हलत्या चेनवर चांगली कानससुद्धा वाकडी चालते.

पहिली तपासणी : तेल आणि घाण

आपल्याकडे बारला लावायचं तेल म्हणून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल टाकायची सवय आहे. ते पातळ असतं, चेनला धरून राहत नाही, आणि त्यात धातूचा बारीक चुरा असतो. दातावर ते ऑइल, त्यावर भुसा, त्यावर काळ्या मातीची धूळ, असा लेप बसतो. त्यावर कानस फिरवली की तिच्या बारीक दातांमधल्या फटी एका मिनिटात भरतात. भरलेली कानस कापत नाही, फक्त पॉलिश करते.

म्हणून चेन आधी ब्रशने झाडा, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडी करा. कानस तारेच्या ब्रशने साफ करा. ब्रश कानशीच्या दातांच्या दिशेने चालवायचा, आडवा नाही. मग शाळेतला साधा खडू कानशीवर घासा. खडूने फटी भरून राहतात, लोखंडाचा कीस त्यात रुतून बसत नाही, आणि पुढच्या वेळी कानस झटकली की साफ होते. कानशीला तेल मात्र कधीही लावू नका. गंज लागू नये म्हणून लोक हौसेने लावतात, आणि मग ती दातावरून घसरते म्हणून कानशीलाच नावं ठेवतात.

एवढं करून कानस पुन्हा पकडायला लागली तर काम झालं, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

दुसरी तपासणी : कानस जिवंत आहे का

याला एक पैसा लागत नाही, आणि बहुतेक प्रकरणं इथेच संपतात.

कानस हातात घेऊन उन्हात तिरपी धरा आणि हळूहळू फिरवा. चांगली कानस सगळीकडे सारखी करडी, मंद दिसते. जिथे दात गेलेत तिथे बारीक पांढरे ठिपके किंवा चमकदार पट्टा दिसतो. हा पट्टा जवळजवळ नेहमी मध्ये असतो, कारण सगळे जण मधल्या तीन-चार इंचांतच घासतात.

आता खरी परीक्षा. मुठीजवळचा शेवटचा इंचभर भाग कुणी वापरत नाही, तो जवळपास नवाच असतो. चेनच्या एखाद्या दातावर आधी तोच भाग दोनदा हलक्या हाताने पुढे ढकला. लगेच त्याच दातावर मधला भाग तितक्याच दाबाने ढकला. मुठीजवळ कानस पकडते, हाताला किंचित ओढ लागते, खाली करड्या रंगाचा बारीक कीस पडतो, आणि मध्ये मात्र ती घसरते. असं झालं तर कानस मेली. साफ करून किंवा जोर लावून ती परत येत नाही. दोन्हीकडे सारखीच पकडत असेल तर कानस ठीक आहे, दोष पुढे शोधा. दोन्हीकडे सारखीच घसरत असेल तर एकतर कानस मुळातच हलक्या पोलादाची आहे, नाहीतर दात जळालेला आहे. त्याबद्दल सहाव्या तपासणीत लिहिलं आहे.

हे इतकं महत्त्वाचं का? चेनचा दात साध्या करवतीच्या दातासारखा मऊ नसतो, तो कडक केलेल्या पोलादाचा असतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला कडक क्रोमचा पातळ थर असतो. कानस दाताच्या पोलादापेक्षा थोडीच जास्त कडक असते. त्यामुळे तिच्या दातांचं टोक जरा मोडलं की तिचं वरचढपण संपतं. मग आपण दाब वाढवतो, आणि दाब वाढवला की कड कापली न जाता बाहेरच्या बाजूला दुमडते. बोटाला ती धारदार लागते. लाकडात गेली की दुमडलेली कड पहिल्या काही कापांतच तुटून जाते. ‘धार टिकत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून जन्म घेते : धार बसलेलीच नसते, बसल्याचा भास झालेला असतो.

कानस म्हणजे खपणारी वस्तू. मूठ वर्षानुवर्षं तीच ठेवा, कानस बदलत राहा.

तिसरी तपासणी : हाताची चाल

कानस फक्त पुढे जाताना कापते. परत येताना ती दातावरून उचलायची. मागे-पुढे करवतीसारखी घासली तर येतानाच्या प्रत्येक फेरीत तिचे दात उलटे मोडतात, आणि महागातली कानसही एका हंगामात नाही, एका दिवसात मरते. नवी कानस घेऊन आठवड्यात परत येणाऱ्या माणसाला मी आधी समोर बसवून दोन दात घासायला लावतो. उत्तर त्याच्या हातातच दिसतं.

दिशाही पाहा. दाताच्या आतल्या बाजूने बाहेर ढकलायचं. उलटं केलं तर कानस आधी बाहेरच्या क्रोमवर आदळते, आणि क्रोम तिच्यापेक्षा कडक असतो.

बाकीचं थोडक्यात. कानस आडवी, बारशी समपातळीत. दाताच्या माथ्याशी कोन बहुतेक चेनना ३० अंशाचा. अनेक चेनच्या माथ्यावर मागच्या बाजूला तिरकी रेघ कोरलेली असते, ती तुमची खूण. दर काही ढकलींनी कानस बोटांत जराशी फिरवा, म्हणजे ती सगळीकडून सारखी झिजेल. सुरुवात सगळ्यात लहान झालेल्या दातापासून करा, त्यावर खडूची खूण करा आणि बाकीचे दात त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे सगळे दात संपवून मगच दुसऱ्या बाजूचे घ्या. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त पडतो, काप वळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

चौथी तपासणी : साईज

कानस चांगली आहे, हात बरोबर चालतोय, तरी धार तासाभरात जाते. मग कानशीचा व्यास तपासा. कानस जिवंत असूनही अडलेल्या प्रकरणांत खान्देशात मला सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच आहे, आणि तो दुकानाच्या गल्ल्यावरच सुरू होतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘चेनसॉची कानस द्या’, दुकानदार हाताशी असेल ती देतो. दोघांनाही वाटतं की गोल कानस म्हणजे गोल कानस.

आजच्या चेनचा दात अमेरिकेतल्या जो कॉक्सने १९४७ च्या सुमारास बाजारात आणलेल्या चेनवरून आलेला आहे. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचा जबडा लाकडात डावा-उजवा कसा चालतो हे पाहून त्याने तो घडवला. हा दात लाकूड खरवडत नाही, सुताराच्या रंध्यासारखा छिलका काढतो. रंध्याच्या पात्याला जशी ठरावीक तिरपी धार लागते तशी या दाताला आतून ठरावीक गोलाई लागते, आणि ती गोलाई फक्त कानशीच्या व्यासातून येते. हात कितीही तयार असला तरी चुकीच्या व्यासातून बरोबर गोलाई निघत नाही.

कानस बारीक पडली तर ती दातात खोल खाली बसते आणि वरची कड आकड्यासारखी पातळ होते. सुरुवातीला मशीन झपाट्याने खातं, माणूस खूश होतो, मग अंजनाचं किंवा जुन्या चिंचेचं कडक लाकूड समोर आलं की ती पातळ कड झडून जाते. कानस जाड पडली तर उलटं : ती वर बसते, कड मागे कललेली राहते, आणि पहिल्या लाकडापासूनच मशीनला दाबावं लागतं. बरोबर साईजची ओळख अशी की दातात बसवल्यावर कानशीचा साधारण पाचवा ते चौथा भाग माथ्याच्या वर दिसतो, बाकीची दाताच्या आत असते.

साईज ठरते चेनच्या पिचवरून, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या अंतरावरून. पिच मोजायला ओळीने तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याचे दोन भाग करा. पट्टीवर (दोन भाग करण्याआधी) अंतर साडेसोळा मिलिमीटर आलं तर चेन .३२५ इंची, एकोणीसच्या आसपास आलं तर ३/८ची, साडेवीस आलं तर .४०४ची, पावणेतेराच्या जवळ आलं तर १/४ची. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर तर दातापुढच्या उंचवट्यावर आकडाच कोरलेला असतो : १ म्हणजे १/४, २ म्हणजे .३२५, ३ म्हणजे ३/८, ४ म्हणजे .४०४, आणि ६ म्हणजे ३/८ची लहान, लो प्रोफाइल चेन.

आता कानस. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, म्हणजे ५/३२ इंच. .३२५ला ४.८ मिमी, म्हणजे ३/१६ इंच. मोठ्या ३/८ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिमी. .४०४ला ५.५ मिमी. १/४च्या साध्या चेनला ४ मिमी. चेनच्या खोक्यावर वेगळं छापलेलं असेल तर खोकं खरं धरा.

दोन ठिकाणी घोळ होतो, तिथे जपा. पहिला, मोठी ३/८ आणि लो प्रोफाइल ३/८ यांचं रिव्हेटचं अंतर जवळपास सारखंच भरतं, पण दात वेगळे असतात. लहान हलक्या मशीनवर, लहान दाताची चेन असेल तर ती बहुधा लो प्रोफाइल. दुसरा, आपल्याकडे शेतकऱ्यांनी भरपूर घेतलेली ५२-५८ सीसीची, २० किंवा २२ इंची बारची मशीनं. यांची चेन बहुतेक .३२५ची असते, म्हणजे कानस ४.८ची. पण मशीन मोठं म्हणून लोक जाड कानस मागतात, किंवा शेजाऱ्याच्या लहान मशीनची ४ची उसनी आणतात. मशीनच्या आकारावरून कानस ठरवू नका. चेन मोजा आणि आकडा मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवा.

पाचवी तपासणी : नवी कानस घेताना

इथपर्यंत आलात म्हणजे नवी कानस घ्यायची वेळ आली. जळगाव-धुळ्याच्या हार्डवेअरच्या गल्लीत गोल कानशींचे ढीग असतात, त्यातली चेनसॉची कोणती ते ओळखायला शिका.

चेनसॉची कानस टोकापासून मुठीपर्यंत एकाच जाडीची असते. साधी गोल कानस टोकाकडे निमुळती होत जाते, भोकं मोठी करायला ती ठीक, पण चेनच्या दातात ती दर ढकलीला वेगळी गोलाई पाडते. तिचे दातही जाडे असतात, कडेवर ओरखडे उठवतात, आणि ओरखडलेली कड लवकर झडते. दुकानात व्हर्निअर असेल तर टोकाला, मध्ये आणि मुठीजवळ अशी तीन ठिकाणी जाडी मोजा. नसेल तर स्वतःचा घेऊन जा. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका : ४.८ छापलेली कानस प्रत्यक्षात कमी-जास्त भरलेली मी पाहिली आहे.

मग ती काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने लोळवा. सरळ कानस शांतपणे सरकते, वाकडी टकटक करते. वाकडी कानस फिरवत घासली की दाताची धार वरखाली होते.

दात डोळ्यांजवळ नेऊन बघा. आडव्या-तिरप्या चिरा एकसारख्या, टोकापासून शेवटपर्यंत तुटक नसलेल्या हव्यात. कुठे गुळगुळीत पट्टा, कुठे तपकिरी गंजाचा ठिपका असेल तर बाजूला ठेवा. गंज पुसला तरी तिथलं दाताचं टोक गेलेलं असतं. नखावरून अगदी हलकी ओढा. चांगली कानस दाब न देता नखाचा पांढरा भुगा काढते.

कानशी ठेवल्यात कशा, तेही पाहा. डब्यात सुट्या, एकमेकींवर आपटणाऱ्या कानशी घेऊ नका. दोन कानशी एकमेकींवर घासल्या की दोघींचे दात जातात, म्हणजे तुम्ही नव्याच्या भावात वापरलेली घेता. कागदात किंवा प्लास्टिकच्या नळीत वेगवेगळ्या ठेवलेल्या घ्या.

कंपन्यांचं म्हणाल तर स्टिल, ओरेगॉन, हस्कवर्ना या चेन विकणाऱ्या कंपन्यांच्या नावाने मिळणाऱ्या कानशी, स्वित्झर्लंडच्या वालोर्बची, जर्मनीच्या फेर्डची, या भरवशाच्या आहेत. आपल्या राज्यात रत्नागिरीला कारखाना असलेल्या जेकेच्या कानशी तर प्रत्येक फिटरच्या हाताला माहीत आहेत. त्यांच्यातही चेनसॉसाठीचीच मागा, साधी गोल नको. नाव मोठं म्हणून डोळे मिटून डझन उचलू नका, कारण मोठ्या नावाचीच नक्कल जास्त निघते. एक घ्या आणि तुमच्या चेनच्या दोन दातांवर चालवून पाहा. पहिल्याच हलक्या ढकलीला पकडली, आवाज खर्जातला, सलग आला, आणि दोन-तीन ढकलींत दाताचं आतलं अंग मागच्या चकाकीशिवाय एकसारखं ताजं दिसलं, तर त्याच दुकानातून त्याच गठ्ठ्यातल्या आणखी घ्या. मशीनच्या पेटीत फुकट आलेल्या कानशीवरून मात्र तुमच्या चेनची परीक्षा करू नका.

कानशीसोबत मूठ आणि कोनाच्या रेघा असलेला गाइड घ्या. गाइड कानशीला ठरलेल्या उंचीवर धरतो. नवशिक्याने तर त्याशिवाय घासूच नये. गाइडही साईजप्रमाणे येतो, ४.८चा गाइड ४च्या कानशीला चालणार नाही.

घरी आणल्यावर जपायचा सोपा उपाय आपल्या प्रत्येक शेतात पडलेला आहे : ठिबकची जुनी १६ मिमीची नळी. कानशीपेक्षा दोन इंच लांब तुकडा कापा, आत खडूची भुकटी टाका, एका नळीत एकच कानस घाला आणि दोन्ही टोकं दुमडून बांधा. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला हवा दमट असते, त्या दिवसांत गोठ्यात उघडी टांगलेली कानस पोळ्यापर्यंत तांबडी होते.

सहावी तपासणी : काही दातांवर पकडते, काहींवर घसरते

नवी, बरोबर साईजची कानस बहुतेक दातांवर छान चालते आणि चार-सहा दातांवर नुसती सरकते. आता दोष दातात आहे. त्या दातांचा रंग पाहा. निळसर-जांभळी झाक असेल तर दात जळाला आहे. बोथट चेन दाबून चालवल्याने, मातीत किंवा खिळ्यावर गेल्याने, किंवा ग्राइंडरच्या चाकावर जास्त वेळ धरल्याने असं होतं. तापून एकदम थंड झालेल्या पोलादाचा वरचा थर कानशीपेक्षाही कडक आणि ठिसूळ होतो.

अशा दातावर नवी कानस वाया घालवू नका. जुन्या धाब्याच्या घरांच्या तुळया-खांब कापायला घेतलेली चेन अशी हमखास येते, कारण जुन्या लाकडात खिळे रुतलेले असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार खोडाने गिळलेली असते, तिचंही तेच. चेनच्या धारेचा जाणकार त्या दातांचा जळका थर ग्राइंडरवर हलक्या टप्प्यांनी, तापू न देता काढून देईल, त्यानंतर ते पुन्हा कानशीखाली येतात.

पुढची चेन घेताना गोल कोपऱ्याच्या दाताची, सेमी-चिझल मागा. चौकोनी कोपऱ्याची फुल-चिझल स्वच्छ ओल्या लाकडात जास्त वेगाने जाते, पण आपल्याकडचं लाकूड सुकं, कडक आणि सालीत धूळ भरलेलं. तिथे गोल कोपरा जास्त वेळ टिकतो. अंजनासारखं जड लाकूड असेल तर पेट्रोलची टाकी दर वेळी भरताना हलकी धार मारायची तयारी ठेवा. (अंजन, चिंच, आंबा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. उभं झाड असेल तर आधी परवानगी, मग चेनसॉ.)

सातवी तपासणी : रेकर

दात धारदार आहे, कड उन्हात चमकत नाही, नखावर पकडते, तरीही भुसाच पडतो. मग दातापुढचा लहान उंचवटा, म्हणजे रेकर, पाहा. दात लाकडात किती खोल जाईल हे तो ठरवतो. दात घासून घासून मागे सरकतो तसा त्याचा माथाही खाली येतो, रेकर मात्र होता तिथेच उंच राहतो. शेवटी रेकर लाकडावर टेकतो आणि दात हवेत राहतो.

दाताचा माथा आणि रेकर यांत बहुतेक चेनना साधारण ०.६५ मिमीचा फरक हवा. अंदाजाने घासू नका. रेकरचा गेज मिळतो, तो चेनवर ठेवायचा आणि फटीतून जेवढा रेकर वर येतो तेवढाच चपट्या कानशीने उतरवायचा, मग त्याची पुढची कड पुन्हा गोल करायची. दर तीन-चार धारांनंतर तपासलं तरी पुरे. जास्त उतरवला तर मशीन झटके मारतं, बार उसळून अंगावर येऊ शकतो. इथे लोभ करू नका, आणि उतरवलेला रेकर परत चढत नाही हे ध्यानात ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

खालच्या गोष्टी कानशीने सुटत नाहीत. घरी प्रयत्न केला तर चेन तुटून अंगावर येण्याचा धोका आहे.

दाताच्या माथ्याची लांबी ४ मिमीपर्यंत आली, किंवा कंपनीने कोरलेल्या झिजेच्या खुणेपर्यंत पोचली, तर धार लावणं बंद. नवी चेन घ्या. एकही दात तडकलेला असेल, कडीला चीर असेल, रिव्हेट हाताने हलत असेल, तर ती चेन त्याच क्षणी मशीनवरून उतरवा. ‘आजचं काम काढून घेतो’ म्हणू नका. तुटलेली चेन रिव्हेट ठोकून घरी जोडणंही नको, त्याला वेगळं हत्यार लागतं.

दात दोन्ही बाजूंना सारखे करूनही काप वळतोच आहे, तर बारचे ओठ (चेनच्या खाचेच्या दोन कडा) एका बाजूला झिजलेत किंवा खाच रुंद झाली आहे. बार सरळ काचेवर उभा धरून पाहा. कलंडत असेल तर मेकॅनिककडे द्या. चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटच्या दातांवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाचा पडल्या असतील तर ते बदला, नाहीतर नवी चेनही महिन्यात जुन्यासारखी होईल. चेन ब्रेक लागत नसेल, किंवा इंजिन मंद चालताना चेन आपोआप फिरत असेल, तर धारेचा विषयच बाजूला ठेवा आणि आधी ते दुरुस्त करून घ्या.

मेकॅनिककडे जाताना नुसती चेन पिशवीत टाकून नेऊ नका. बार, चेन, तुमची कानस आणि शेवटच्या कापाखाली पडलेला मूठभर भुसा, चारही न्या. भुसा पाहून दात कसा कापतोय ते कळतं, कानस पाहून तो तसा का झाला ते, आणि बारवर चेन चढवल्याशिवाय खाचेतली ढिलाई कुणालाच सांगता येत नाही.